निचऱ्याची नळी

बसऱ्यात जूनच्या दुपारी
शिडीची लोखंडी पायरी फडक्याशिवाय धरवत नाही.
ड्रिल खांद्याला लावून
मी उम्म नुहादच्या गच्चीवर चढलो,
भिंतीची नाडी बघायला.

सव्वीस वर्षं हेच करतोय.
लोक विचारतात किती टन, कुठली कंपनी, हप्ता किती.
मी विचारतो, जनरेटरवाल्याकडून किती अँपिअर घेता?
एसी दुकानात पसंत होतो,
पण ठरतो नाक्यावरच्या धुरकट खोलीत,
जिथे अबू रुसुल अँपिअर मोजून देतो,
सोनार गुंजा मोजतो तसा.

बाईंच्या नावावर सहा.
फ्रिज, पंखा, दोन दिवे.
मग उरलं काय?

मुलगा माल्मोहून फोनवर, अंगात स्वेटर.
"दोन टनाचा घ्या उस्ताद, पैशाचं बघू नका,
आईच्या पलंगासमोरच लावा."
पैसे तिकडून येतात, बाळा,
अँपिअर येत नाहीत.
एक टन, मी म्हटलं, इन्व्हर्टरचा,
म्हातारं माणूस आधी उठून बसतं,
मग उभं राहतं, तसा सुरू होणारा.
बाई हसल्या. तो हसला नाही.

मग जागा.
पश्चिमेची भिंत नको, ती रात्री दहापर्यंत भाजते,
बाहेरचा डबा उत्तरेला, सावलीत,
मी खडूने खुणा करत होतो
आणि बाईंनी मध्येच विचारलं,
"पाणी किती गाळतो हा?"

पाण्याच्या तक्रारी ऐकल्यात मी,
ओल, डाग, शेजाऱ्याच्या डोक्यावर ठिबकणं.
किती, असं कुणी विचारलं नव्हतं.
शर्जी वारा सुटला, हवा चिकट झाली,
तर दिवसाला एक बादली. कधी दीड.
"खारट?"
नाही. हवेतलं पाणी ते.

त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या.
माती पांढरी, पापडासारखी फुटलेली,
आणि मध्ये नारिंजाचं झाड,
पानांच्या कडा विडीने जाळल्यासारख्या.
शत्तमधून समुद्र वर सरकतो उन्हाळ्यात,
नळ सोडला की तोच येतो.
"टँकरचं विकतचं पाणी झाडाला घातलं
तर लोक वेडी म्हणतील," त्या म्हणाल्या.
"घातलंय. म्हणतात."

म्हणजे एसी मागच्या अरुंद खोलीत,
जिथे तांदळाची पोती आणि शिवणयंत्र.
फोनवर आवाज चढला, झाडासाठी?
बाई म्हणाल्या, "पलंगाला पाय असतात.
तो जाईल तिकडे."

अकरा मीटर नळी लागली.
मी कुरकुरलो, वळणं फार आहेत,
पाणी माझं ऐकत नाही, उताराचं ऐकतं.
पिवळ्या विटेत भोक पाडलं,
भुगा दाढीत, कानात, चहाच्या पेल्यात.
तांब्याची नळी वाकवली, दाब बघितला,
चार वाजता सरकारी वीज आली
आणि सोळावर लावून मी म्हटलं,
या, बसा गार वाऱ्यात.

त्या बसायला आल्याच नाहीत.
मागे झाडाजवळ उभ्या होत्या,
नळीच्या तोंडाशी वाडगं धरून.
नऊ मिनिटं.
मग एक थेंब. बऱ्याच वेळाने दुसरा.
बोट बुडवून जिभेला लावलं
आणि सुगरण मिठाचा अंदाज सांगते तशा म्हणाल्या,
"काहीच चव नाही."
पुन्हा लावलं.

तेवढ्यात वीज गेली.
मजुरीवरून घासाघीस केली त्यांनी, भरपूर,
दहा मीटरचेच पैसे दिले.

रात्री घरी,
माझा एसी गल्लीत ठिबकत होता,
शेजाऱ्याच्या स्कूटरच्या सीटवर,
तो ठिबकतोच, कितीतरी वर्षं.
मी बादली शोधली.
तिचा तळ फुटका निघाला.