मुंग्यांसाठी पेटी

देवरे मॅडमना शाळेसाठी आरपार दिसणारी पेटी हवी होती:
दोन उभ्या ॲक्रिलिक शीट, मध्ये बोटभर जागा,
जागेत काळी माती, मातीत मुंग्या,
आणि सहावी ‘ब’ला बोगदे दिसले पाहिजेत.
“सोमवारी द्या,” म्हणाल्या.
शुक्रवार होता. एप्रिल होता. धुळं होतं.

मी घाई केली.
एपॉक्सी नको म्हटलं, ती दोन उन्हाळ्यांत
जुन्या नखासारखी पिवळी पडते.
सिलिकॉन ॲक्रिलिकशी सलगी करतं, सोयरीक नाही.
दुतोंडी टेप तर सोडाच,
आग्रा रोडवरच्या निम्म्या पाट्यांची अक्षरं
दुपारी तीनला एक इंच खाली बसलेली असतात,
एका स्वीट मार्टचा ‘स्वी’ गेली दोन वर्षं ‘ट’च्या मांडीवर आहे.

म्हणून क्विक.
टोपण उघडलं, कडेने थेंब सोडले, दहा मोजले,
झाकण लावलं, शटर ओढलं, घरी गेले.

सकाळी पेटीत धुकं.
धुळ्यात! ज्या गावात
पांझरेच्या पुलावरसुद्धा धुकं आठवायला
जानेवारीत लवकर उठावं लागतं.
क्विकची वाफ बंद पेटीत फिरते
आणि जिथे जिथे कुणाचं बोट टेकलेलं
तिथे तिथे पांढरी बसते.
काचेसारख्या भिंतीवर मधोमध
उमटला होता एक अंगठा,
रुंद, उजवा, करवतीनं कापल्याची तिरकी रेघ असलेला.

उखा आप्पा.
दिवाळीत शीट कापून, कागद सोलून,
अशीच हातानं पुसून ठेवली होती त्यांनी,
आणि मग लेकाकडे उधन्याला गेले ते गेलेच.

फोन लावला.
“क्विक टाकं का?”
“हो.”
बराच वेळ फक्त मागचे यंत्रमाग.
मग, “मी दखास का तेम्हा?”
“दिसता.”
हसले. खोकले.
“चिटकाडनं नही, माय. वितळाडनं शे.”

तर रविवारी, पहाटे पाच.
दुपारी ते औषध फटीत शिरायच्या आधीच उडतं,
मागे बुडबुड्यांची रांग ठेवून;
पावसाळ्यात सांधा दुधासारखा फुटतो.
एवढीच एक वेळ असते, रस्ता झाडणारीची.
पंखा बंद. खिडक्या सताड. तोंडाला फडकं, तरी डोकं जड.
कडा चारशे नंबरच्या कागदावर घासलेल्या,
चमकवलेल्या नाहीत (चमकलेली कड नंतर तडकते,
हे आप्पांनी एकदा कानाखाली न मारता शिकवलं होतं).
शीट कोरड्याच जुळवल्या, गुण्याला टेकवून,
सुईची बाटली कोपऱ्यावर धरली,
जराशी दाबली
आणि पाण्याहून पातळ ते
कुणी बोलावल्यासारखं फटीतून धावत गेलं.
ते जिथवर पोचलं तिथवर फट नव्हती.
मी श्वास धरून पाहत होते,
जे चुकीचं होतं हे मला नंतर कळलं: श्वास घेतच नव्हते
म्हणून डोकं दुखलं नाही.

मॅडमना सांगितलं, बुधवार.
वास पूर्ण उडाल्याशिवाय आत मुंगी सोडायची नाही.
त्या रागावल्या. उद्घाटनाला नगरसेवक येणार होते.
“मुंग्यांना विचारा,” मी म्हणाले,
आणि बिलात पन्नास रुपये कमी केले.

बुधवारी मी शाळेत गेले, कुणी बोलावलं नव्हतं.
एक मुंगी मातीवरून चढून कोपऱ्यापर्यंत आली,
मिशांनी सांधा चाचपला, वर, खाली, पुन्हा वर,
काही सापडलं नाही, वळली.

पहिली पेटी दुकानात वरच्या फळीवर आहे.
स्क्रू ठेवते तिच्यात, आणि रेडियमचे उरलेले तुकडे.
गिऱ्हाइकं विचारतात, ही डागाळलेली स्वस्तात देता का.
अंगठा मी रस्त्याकडे वळवून ठेवलाय.