कडेची बॅटरी

उद्यमनगरात, लेथच्या दोन दुकानांच्या मधे आमचा गाळा.
दारात टेम्पोतून उतरवलेली ही पांढरी गाडी,
बुटक्या चाकांची, आवाज न करणारी,
गोव्याच्या कुठल्याशा रिसॉर्टवरनं जुनी घेतलेली.
मागं अजून तो पट्टा आहे, गोल्फच्या काठ्या बांधायचा.
आता कावळा नाक्यापुढच्या हाडांच्या दवाखान्यात
फाटकापासून ओपीडीपर्यंत म्हातारी माणसं नेणार.

ड्रायव्हर पायगोंडा बोटांवर मोजत सांगतो:
पुढं दोन दिवे. एक हॉर्न.
माझ्यासाठी एक छोटा पंखा.
आणि मोबाईलचं चार्जिंग, तेवढं इसरू नगा.

सीट उचलली.
खाली चार बॅटऱ्या, एकमेकींचा हात धरून अठ्ठेचाळीस.
बारा व्होल्टचा दिवा अठ्ठेचाळीसवर लावला
तर एकदाच लागतो.
म्हणून आधीच्या कुणीतरी सोपी वाट काढलेली.
कडेची एक, हाताला सगळ्यात जवळची,
तिच्यावरनं दोन वायरी ओढून
दिवे, रेडिओ, सगळं.

मीटर लावला.
बारा पॉइंट सात.
बारा पॉइंट सात.
बारा पॉइंट सहा.
दहा पॉइंट नऊ.

दस्तगीर मिस्त्री वेल्डिंगवरनं मान न उचलता म्हणाले,
"कडेचीच न्हवं? बघायला कशाला लागतंय.
चार्जर चौघींना सारखंच वाढतोय,
पण हिच्या ताटातलं दुसरंच कोणतरी जेवतंय."

तिला काढली. बाकीच्यांच्या वयाची,
तेवढीच वापरलेली एक शोधून बसवली.
मग रिड्यूसर: तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा डबा,
पाठीवर खवले, पोटातून चार वायरी.
लाल पहिलीच्या प्लसला,
काळी शेवटच्या बॅटरीच्या मायनसला.
जे मागायचं ते आता चौघींकडं मागायचं.
"फ्यूज बॅटरीपासनं वीतभरावर घे, लांब नको.
बॉडीला अर्थ देऊ नको, ही मोटरसायकल न्हाई.
आणि किल्लीतनं रिले घाल,
न्हाईतर ह्यो डबा बंद गाडीतबी
रात्रभर घोट घोट पीत बसतोय."

लग दाबताना पक्कड कट्‌कन वाजते,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी.
चौथ्या लगला मला रत्नाक्का आठवली.

आम्ही चौघं भावंडं. आई तिच्याकडं,
कारण तिचं घर स्टँडजवळ,
कारण तिच्या शाळेला सुट्ट्या,
कारण ती नाही म्हणत नाही.
कारणं सगळी खरी होती.
मागच्या दिवाळीत ती पायरीवर बसली होती,
उठताना दोनदा हात टेकावा लागला तिला.
आम्ही म्हणालो, अक्का, वजन वाढलंय तुझं.

किल्ली फिरवली. रिले टिचकला.
बाहेरच्या दोन टोकांवर बारा पॉइंट एक,
दिवे लावले तरी बारा पॉइंट एक.
पायगोंडानं हॉर्न दाबला तो सोडेचना,
शेजारचा लेथवाला चष्मा कपाळावर चढवून बाहेर आला,
कुणाची वरात म्हणून बघायला.
पंखा फिरला. पायगोंडानं त्याच्यासमोर
शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बिल न्यायला गेलो तेव्हा
गोल्फच्या पट्ट्यात दोन काठ्या होत्या, एक वॉकर,
आणि एक्स-रेचं पिवळं पाकीट.

तिथूनच फोन केला.
"अक्का, आईला आता तीन महिने माझ्याकडं आण."
पलीकडं बराच वेळ नुसती कुकरची शिट्टी.
मग म्हणाली, "तुझ्या माडीच्या पायऱ्या चढंल का ती?"
मी म्हणालो, खालची खोली मोकळी केलीय.

केली नव्हती.
तिथं जुन्या बॅटऱ्या रचून ठेवल्या होत्या,
अकरा. संध्याकाळी घरी जाऊन मोजल्या.
वरची एक उचलायला गेलो
तर एकट्याला हलेना.