तिसरी लाइन

रात्री पावणेबाराला खानापुरात बसून
मी लोंढ्याच्या पेटीत शिरते.
मधे जंगल, एक तार
आणि माझी दहा बोटं.

पेटी नाव विचारते, मग परवलीचा शब्द.
तीनदा चुकलात की दार बंद.
हा नियम मीच घातलाय
आणि दोनदा मीच बाहेर राहिलेय.

म्हणून आधी घड्याळ लावते:
दहा मिनिटांत मी थांब म्हटलं नाही
तर पेटीनं स्वतःला बंद करून चालू करावं
आणि जुनं तेवढंच आठवावं.
हे ईराप्पा तल्लूरनं शिकवलेलं.
"लांब बसून दाराचं कुलूप बदलालीस न्हवं?
मग आपण कुठल्या अंगाला हाय, बघ आधी."

पडद्यावर एका वेळी चोवीस ओळी. ठीक.
स्वागताची पाटी रोमन अक्षरांत.
मराठी नाही, कन्नड नाही,
म्हणून तिला अजून कुणी डांबर फासलेलं नाही.

मग मुख्य काम.
किती वेळ गप्प राहिलं
की माणूस गेला असं धरायचं?
परिपत्रक म्हणतं, दहा मिनिटं.
मी पाचही लाइनींना दहा लिहिते
आणि कोण कोण आत आहे ते बघते.

पहिलीवर मी.
तिसरीवर तल्लूर. गप्प, एकेचाळीस दिवस.

त्यानं स्वतःला शून्य लावून ठेवलं होतं.
या यंत्रात शून्य म्हणजे लगेच नव्हे,
शून्य म्हणजे कधीच नाही.
शाल घेतली, पेढे वाटले,
अळणावरच्या टेबलावरची खिडकी मिटायची राहिली.

एवढ्या रात्री फोन करू नये. केला.
"तंगी, मी अजून आत हाय?"
आवाज असा, जणू लॉटरी लागलीय.
मग सांगत बसला: ब्याण्णव सालचे मोडेम,
कानानं ओळखायचा तो कुठला गावला, कुठला अडला.
पावसाळ्यात केबिनेटमध्ये निघालेलं नागाचं पिल्लू.
गुडघा. सूनबाईचा मिक्सर.
मग म्हणाला, "काढ की गं. माझं काय काम तिथं."
मी आज्ञा टाइप केली.
पेटीनं विचारलं, नक्की?

आणि पडदा थिजला.

घड्याळ. थांब म्हणायचं राहिलं.
तिकडे कुलूपबंद खोलीत पंखा थांबला असेल,
माझी पाच दहा पुसली गेली असतील,
आणि तिसरी लाइन
माझ्या होकाराशिवायच रिकामी झाली असेल.

"गेली काय?" त्यानं विचारलं.
"गेली."
"चार मिनिटं लागत्यात. हिरवा दिवा तीनदा मिचकावतोय आधी."
तो ठेवत नाही, मीही ठेवत नाही.
फोनमध्ये त्याच्याकडचा कुत्रा भुंकतो.
मी पुन्हा पुन्हा लोंढ्याला हाक घालते:
उत्तर नाही. उत्तर नाही.
"मिचकावला असंल आता," ईराप्पा म्हणतो.