नर-मादी, पंचेचाळीस किलोमीटर

काउंटरवर कोपर टेकून विचारतात सगळे,
बॅग अजून खांद्यालाच असते:
धबधबा किती लांब?
मी म्हणतो, पंचेचाळीस किलोमीटर, हैदराबाद रोड,
नळदुर्गात उतरायचं, किल्ल्यात शिरायचं,
पुढं पाण्याचा आवाजच नेतो.
आणि रजिस्टर त्यांच्याकडे फिरवतो.

बारा वर्षं हेच वाक्य.
डावीकडचा नर, उजवीकडची मादी, असं सांगतो.
कधी उलटं सांगतो.
परत येऊन आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

खरं तर मी तो पडताना पाहिलेलाच नाही.
बोरी नदी भरून बांधावरून उडी घेते
त्याच आठवड्यात आमच्या अकराच्या अकरा खोल्या भरतात,
जिन्याच्या वळणावर गाद्या टाकाव्या लागतात,
मालक म्हणतात, मल्लिनाथ, आत्ता सुट्टी?
म्हणून मला धबधबा माहीत आहे
तो कॉरिडॉरमध्ये ओळीनं उपडे घातलेल्या बुटांवरून,
आणि टॉवेलांवरून.
आमच्याच गावचे टॉवेल, पूर्व भागातल्या मागावरचे,
सकाळी हलके जातात, रात्री जड होऊन येतात.
गच्चीवर ते पिळताना इरम्मा म्हणते,
बघा की ओ, नळदुर्गचं पाणी,
आपल्या नळाला इतकं कधी आलंय?

उन्हाळ्यात मात्र माझी परीक्षा.
कुणाच्या तरी फोनवरचा श्रावणातला फोटो बघून
लोक चैत्रात येतात.
मग मी नबीलालला हाक मारतो.
त्याची रिक्षा, त्याचाच क्रम.
भुईकोटाच्या खंदकाकडे बोट करून तो म्हणतो,
इथं पाणी होतं.
कंबर तलावाशी, इथं कमळं असायची.
गिरणीच्या चिमणीखाली, इथला भोंगा ऐकून
अख्खं गाव घड्याळ लावायचं.
अर्धा दिवस असा होता-होत्यात जातो,
मग शेंगा चटणीचं दुकान, तिथं सगळे वर्तमानात येतात.
सिद्धेश्वराच्या तलावाशी तो काहीच बोलत नाही.
तिथं पाणी आहे.
पाहुणे पायऱ्यांवर बसतात,
मासे तोंड उघडून वर येतात,
नबीलाल सीट पुसत उभा राहतो.

गेल्या एप्रिलात दर्यापूरचे गावंडे आले, बायको, मुलगी.
मी सांगितलं होतं त्यांना, कोरडा आहे.
पण हळू सांगितलं होतं.
एका खोलीचे दोन दिवसांचे पैसे
माणसाचा आवाज किती खाली आणतात
ते मला त्या दिवशी कळलं.
दुपारी तीनला परत आले, तोंडं रापलेली,
गावंडे काउंटरवर हात आपटून म्हणाले,
काय राव, नुसती भिंत आहे तिथं!
मी पाण्याची बाटली पुढं केली, गार, पैसे न घेता.
ती त्यांनी घेतली नाही.

मुलगी मागं राहिली.
फ्रॉकच्या खिशातून एक दगड काढला,
काळा, मुठीएवढा, साबणाच्या उरल्या वडीसारखा गुळगुळीत.
म्हणाली, हा खाली होता, पाणी पडतं तिथं.
मी चुकून आणला.
पाणी आलं की परत ठेवाल?
मी हो म्हणालो.
हे मात्र मोठ्यानं म्हणालो.

त्यानंतर एक श्रावण आला नि गेला.
खोल्या भरल्या, बूट उपडे पडले,
इरम्मानं टॉवेल पिळले, खांदा धरून बसली दोन दिवस.
दगड इथंच.
मालकांना यंदा जूनमध्येच विचारून ठेवलंय.
बघू, म्हणालेत.

पंखा लावला की रजिस्टरची पानं उडायला बघतात,
तो उडू देत नाही.
कुणी विचारलं, किती लांब,
तर आधी त्याला उचलून बाजूला ठेवावं लागतं.
मगच रजिस्टर फिरतं.