ऋणांच्या ओळीपाशी

बोरडोहच्या देवळाची किल्ली माझ्याकडे असते,
पदराआडच्या पिशवीत, बीपीच्या गोळ्यांशेजारी.
शनिवारी झाडते.
वटवाघळाच्या लेंड्या,
हार्मोनियमात उंदरीणीनं थाटलेला संसार,
दानपेटीत कुणीतरी श्रद्धेनं टाकलेली
बंद झालेली पाचशेची नोट.

पाळक मोर्शीहून येतात, महिन्यातले दोन रविवार,
मोटरसायकल कडुनिंबाखाली लावून.
आम्ही अकरा जण.
लिलाबाई तायडे बाराव्या होत्या, पोळ्याच्या आधी गेल्या.

प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ.
अकरा तोंडं एकदम निघतात.
भाकरीच्या ओळीपर्यंत मी असते त्यांच्यात.
ऋणांच्या ओळीपाशी जीभ बसते,
चढावर बैल बसावा तशी.
दहा जण पुढे जातात.
परीक्षेच्या ओळीत मी त्यांना पुन्हा गाठते
आणि आमेन सगळ्यांत मोठ्यानं म्हणते.

सहा वर्षं झाली.

आई तीन दिवस विचारत होती,
"शांतवन आला काय वो?"
तो वरूडला, सासऱ्याच्या बागेत.
तोडणी चालू, व्यापाऱ्याचे ट्रक उभे.
चौथ्या दिवशी आला, माती देऊन झाल्यावर,
संत्र्यांचं एक खोकं घेऊन.
मी ते ओट्यावरून उचललं नाही.
सालींना हिरवी बुरशी धरली,
मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या.

मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं काढली मी.
मोठ्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं :
सलोमी, नाडी बघताना बोलायचं नसतं.
बोललीस की आकडा चुकतो.

यंदा वैशाखात एक दुपार.
पत्रे तडतडत होते.
मी यादी घेऊन बसले होते देवापुढे :
गुडघे, पेन्शनचा अडकलेला कागद, नातीचा निकाल,
आणि सवयीनं शेवटी, शांती दे.
लाइट गेली. पंखा कुरकुरत थांबला.
यादीही कुठेतरी थांबली.
बोटं आपोआप मनगटावर गेली, तीन बोटं,
अंगठ्याच्या खाली.

साठपर्यंत मोजलं. मग मोजणं सुटलं.

तेज-बीज काही दिसलं नाही.
आतून कुणी बोललं नाही.
एवढंच, की ती बोटं माझी वाटेनात.
कुणीतरी माझं मनगट धरून
गप्प बसलं होतं,
आकडा चुकू नये म्हणून.

किती वेळ, कोण जाणे.
चिमणी आत आली, वेदीच्या कापडावर बसली, गेली.

आणि मग ती रात्र आली समोर, न बोलावता.
वासनिकांचा पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन आला होता.
आईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.
"आलास काय रे बापा. किती उशीर."
हसली. झोपली.
पहाटे माझ्याच बोटांखाली थांबली.

तिच्यापुरता तो आला होता.

हे मी त्याला सांगितलं नाही.
त्याच्या वाट्याचं होतं ते, आईनं ठेवलेलं.
मी ट्रंकेत घातलं, वर गोधडी टाकली,
आणि सहा वर्षं
त्यालाच देणेकरी म्हणत राहिले.

पायरीवर येऊन फोन लावला.
पलीकडे मोटारपंपाचा आवाज.
"बोल ताई," म्हणाला, जपून.
मी सांगितलं. पोरगा, तांब्या, दोन्ही हात, किती उशीर.
सिस्टरला रिपोर्ट देतात तसं,
काही वाढवलं नाही, गाळलं नाही.

पंप बंद केल्याचा आवाज आला.
मग आम्ही दोघं गप्प.
कडुनिंबाचा मोहोर खांद्यावर पडत होता,
मी झटकला नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
"संत्र्याले अजून वेळ हाये, ताई."
"ठाऊक हाये," म्हटलं.

त्या दिवशी देवळाला कुलूप लावायचं राहूनच गेलं.
रात्री कुणाच्या तरी बकऱ्या शिरल्या आत.
सकाळी पुन्हा झाडलं.