काटा

डॉक्टर स्टिडमच्या दवाखान्याचा लिलाव झाला तेव्हा
मी हा काटा अकरा डॉलरला घेतला.
खाद्याची पोती तोलायला, असं बायकोला सांगितलं.
पोत्यांवर वजन छापलेलंच असतं, हे तिलाही ठाऊक होतं.

आता तो दुकानात उभा आहे,
कोंबड्यांचं खाद्य आणि घोड्यांचे नाल यांच्या मधे,
पांढरा, उंच, जरा आखडू,
भलत्याच लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा.
माणसं येतात. खिळे घ्यायला येतात, साखळी घ्यायला येतात,
इकडेतिकडे बघतात, बूट काढतात,
चढतात.

वर्लीन टॅकेट गुरुवारी येते, शाळेची बस लावून झाली की.
तिला काही घ्यायचं नसतं, हे आम्ही दोघंही बोलत नाही.
मी मोठं वजन सरकवतो, मग छोटं,
दांडी डुलते, थांबते.
दोनशे एक्केचाळीस.
डॉक्टर गेला त्या साली एकशे शहाण्णव होतं, तीच सांगते,
दूरच्या भाच्याचं वय सांगावं तसं.

डॉक्टर काही सडपातळ नव्हता, बरं का.
शर्टाचं शेवटचं बटण त्याला कधी लागलं नाही,
खणात बहिणीनं पाठवलेल्या फजचा डबा असायचा.
पण तो विचारायचा.
काय जेवलीस, हे कुणीही विचारतं.
तो विचारायचा, कुणाबरोबर जेवलीस?
आणि उत्तराला वेळ लागला की टोपी घालून म्हणायचा,
चल, पोस्टापर्यंत जाऊन येऊ.
अर्ध्या वाटेत त्याला दम लागायचा, तिलाही.
पुलाच्या कठड्याला टेकून दोघं
ओढ्यात अडकलेल्या टायरकडे बघत उभी राहायची.
याला तो तपासणी म्हणायचा.
बिलात काय लिहायचा, देव जाणे.

त्याच्या जागी आता पगारावर उसने पैसे देणारं दुकान आहे.
केंटकीच्या या टोकाला सर्वांत जवळचा डॉक्टर
बावन्न मैलांवर, दोन डोंगर ओलांडून.
वाटेत डॉलर स्टोअर चार लागतात, मी मोजलीत.
सोड्याचा ट्रक मात्र दर मंगळवारी दारात येतो,
बर्फ पडलं तरी येतो.
वर्लीनच्या गाडीत दोन काटे आहेत, वेगाचा आणि पेट्रोलचा.
वीस तारखेनंतर
ती फक्त दुसऱ्याकडे बघून गाडी चालवते.

कौंटीच्या बैठकीत एक तरुण मुलगी नकाशे घेऊन आली होती.
जिथे डॉक्टर कमी, तिथे रंग गडद.
जिथे माणसं जाड, तिथे रंग गडद.
एकावर एक ठेवले, तर आमचं खोरं काळंच झालं.
म्हणाली, यामुळेच ते, असं मी म्हणत नाही.
मागच्या रांगेतून रस ब्रॅशियरनं विचारलं,
खाण बंद झाली ती कुठल्या रंगात?
ती गप्प झाली.
लिहून घेतलं मात्र.

गेल्या गुरुवारी वर्लीन काट्यावरून उतरली
आणि बुटात पाय घालेना.
मोजा अंगठ्यापाशी चिकटला होता, तपकिरी.
कधीपासून?
दुखत नाही, ती म्हणाली. तेवढं बरंय, अजिबात दुखत नाही.

मी डुकरांच्या खुरांना लावायचं औषध विकणारा माणूस.
मला आकडा वाचता येतो.
आकड्यानंतर काय म्हणायचं असतं
ते लिलावात नव्हतं.
तरी फोन लावला. चाळीस मिनिटं पियानो ऐकला.
पहिली मोकळी तारीख, चौदा ऑगस्ट.
बाहेर रस्त्याकडेला अजून मळकं बर्फ होतं.

मी टोपी घातली.
पोस्टापर्यंत? तिनं विचारलं, अर्धवट हसत.
या पायानं नाही, म्हटलं. ट्रकमध्ये बस.
त्यांच्या दारात जाऊन बसू. हाकलतील तेव्हा बघू.

निघताना दोन्ही वजनं डावीकडे ढकलून
मी दांडी शून्यावर आणली.
डॉक्टर तसंच करायचा, प्रत्येकानंतर,
मागच्याचा आकडा
पुढच्याला दिसू नये म्हणून.