उलटा एन

किर्यूमध्ये आमच्या गल्लीत
सकाळी आधी यंत्रं बोलायची, मग माणसं.
माझं यंत्र आडव्या सुईचं.
उजव्या गुडघ्याने दांडी ढकलली
की सुई डावी-उजवीकडे झोके घेते,
जितका गुडघा, तितका टाका.
कापडावर आखलेलं काही नसतं.
वाघ डोक्यात असतो, तो हातातून उतरवायचा.

लढाई हरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी
मुकादम गठ्ठे घेऊन आला. चकचकीत कापड,
काही तर म्हणे हवाई छत्र्या उसवून काढलेलं.
माझ्या भावाच्या विमानात छत्री दिलीच नव्हती.
ते कापड मी दोनदा धुतलं,
कुणी सांगितलं नसताना.

योकोसुकाच्या गोऱ्या खलाशांना
घरी न्यायला जाकिटं हवी होती:
पाठीवर वाघ नाहीतर गरुड, आणि वर
आमच्या देशाचं नाव, त्यांच्या लिपीत.
मला ती लिपी येत नव्हती.
अक्षरं मी चित्रं म्हणून शिवली.
मासे धरायचा गळ, तंबू, खांबावरचा झेंडा,
पुन्हा तंबू,
शेवटी दोन खांबांमधली घसरगुंडी.
एका रात्री, वीज जात-येत होती,
घसरगुंडी भलत्याच बाजूने उतरली.
मुकादम म्हणाला, जाऊ दे किकुनो,
प्यालेल्या माणसाला सरळ काय नि उलटं काय.
त्या जाकिटाचे तांदूळ आम्ही अकरा दिवस पुरवले.

पंधरा वर्षांनी माझा यासुहिको
केसांना तेल चोपडून, कोंबड्यासारखा तुरा काढून
दारात उभा. अंगात ते.
बंदराजवळच्या जुन्या बाजारात मिळालं म्हणे,
अर्ध्या गिटारीच्या किमतीत.
बापाने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.
"ज्यांनी हरवलं त्यांचा कोट घालून पंगतीला बसतोस?"
पोरगा हसला. "बाबा, हा आता कुणाचाच नाही."

मी त्याला पाठमोरा फिरवला.
वाघाचा डावा कान मीच वाकवलेला.
वाघाच्या डोक्यावर उलटी घसरगुंडी.
अस्तरात शाईने लिहिलेलं नाव त्याने वाचून दाखवलं:
डेलमार.
कुठे असेल हा, मी विचारलं.
कुणाला ठाऊक. पण आई, हा उलटा एन बघितलास?
झकास आहे. असाच हवाय. पाच जणांना.

पाच म्हणजे त्यांचा बँड.
सोबत रुमिको, सिनेमाच्या पाट्या रंगवणारी,
नखांत केशरी रंग, अंगात भावाची पँट.
तिने ड्रमच्या तोंडावर तोच एन
परातीएवढा काढून ठेवला होता.
मी म्हटलं, चूक आहे ती. माझी.
रुमिको यंत्राशेजारी उकिडवी बसली,
सुईकडे बराच वेळ पाहत राहिली,
म्हणाली, मग त्याचे पैसे जास्त घ्या.

तोवर मला अक्षरं येत होती, हीच अडचण.
चुकून चुकायला एक अंधार पुरला होता;
मुद्दाम चुकताना तीन जाकिटं उसवली.
हात सरळच जाई. शहाणा झाला होता मेला.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
मला एक तिरकी रेघ गाठता येईना.

शनिवारी, तळघरातल्या चहाघरात,
मी मागे, कोटांच्या खुंट्यांपाशी.
समोर पाच पाठी. पाच वाघ घामाने गडद.
पोरी बाकांवर चढलेल्या,
आयांचे किमोनो कापून शिवलेले झगे त्यांचे,
मला शिवणी ओळखू येत होत्या.
गाणं त्या परक्या भाषेतलं.
अर्थ यासुहिकोलाही ठाऊक नव्हता,
शब्द तो चित्रं म्हणून गात होता:
गळ, तंबू, झेंडा.

मग ड्रम सुरू झाला
आणि माझा उजवा गुडघा हलायला लागला.
आधी बारीक टाका. मग रुंद.
मग इतका रुंद
की कुठलंच कापड पुरलं नसतं.